पोस्ट कुणाची, जीव कुणाचा

मोबाइलवरची भांडणं मोबाइलवरच विरतात, पोरांच्या स्टेटसला कशाला महत्त्व द्यायचं, असं आमच्या किकवी गावात म्हणणारे बरेच भेटतील. त्यांनी आपल्याच पुणे-सातारा महामार्गाच्या दोन्ही टोकांकडे पाहावं. इकडे पुणं. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली आणि 2 जून 2014 च्या रात्री हडपसरला नमाजाहून परतणारा सोलापूरचा संगणक अभियंता जमावाने मारला. चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, दाढी-टोपी पुरली. खटल्यातले आरोपी 2023 मध्ये निर्दोष सुटले, म्हणजे मारलं कुणी हे आजही न्यायालयात सिद्ध नाही. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तिथे पुसेसावळीत 10 सप्टेंबर 2023 ला आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि आतल्या एका तरुणाचा जीव गेला.

'भावना दुखावल्या, उद्रेक झाला' हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. उद्रेकच असता तर निदान पोस्ट टाकणाऱ्याच्या दारात गेला असता (तोही गुन्हाच). तो दुसऱ्याच कुणावर कोसळतो, कारण 'ते' कोण हे कित्येक महिन्यांच्या फॉरवर्डांनी आधीच ठरवलेलं असतं. पोस्ट फक्त मुहूर्त काढते.

आमच्या गावात असा वादच नाही, असंही म्हणू नये. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला पोरं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप अफवेवरून पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. तिथे धर्माचा प्रश्न नव्हता. परका दिसणं पुरलं.

मग नेट बंद करा? जून 2023 मध्ये अशाच तणावात कोल्हापुरात केलं. नेट परत आलं तेव्हा ग्रुप जसेच्या तसे होते. अ‍ॅडमिनला धरावं, तर 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही. मला हे योग्यच वाटतं. पण सदस्याला काढण्याचा अधिकार त्याच्याकडे आहेच, आणि तो वापरायला कुठला कायदा लागत नाही.

पोस्ट टाकणाऱ्यावर गुन्हा लगेच दाखल होतो. खरं धरायचं ते 'सगळे चौकात जमा' हा पुढचा मेसेज धाडणाऱ्याला. त्या मेसेजपासून पहिल्या दगडापर्यंत थोडा वेळ असतो. तेवढ्यात पोलीस पाटलाला किंवा 112 ला फोन लावता येतो, आणि तो त्याच ग्रुपमधल्या कुणीतरी लावायला हवा, कारण मेसेज आधी त्यालाच दिसतो.