वर्गाच्या नावाने पार्टी, तर सगळा वर्ग हवा



वार्षिक परीक्षा जवळ आल्या की खासगी शाळांतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘क्लास पार्टी’ची चर्चा सुरू होते. कोणी आपल्या सोसायटीचे क्लबहाऊस देऊ करते, जादूगार ठरतो, मुलामागे सातशे-आठशे रुपये वर्गणी जाहीर होते. मग पैसे भरलेल्यांच्या नावापुढे हिरवी खूण केलेली यादी रोज ग्रुपवर फिरते. पुढाकार घेणाऱ्या पालकांबद्दल माझी तक्रार नाही, चाळीस मुलांचा गोंधळ सांभाळणे सोपे नसते. तक्रार त्या यादीबद्दल आहे. खूण कोणाच्या नावापुढे नाही, हे सगळ्या वर्गाला रोज दिसत असते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि विनाअनुदानित खासगी शाळांत (अल्पसंख्याक शाळा वगळता) प्रवेशाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना मिळू लागल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला. कोर्टात भांडून टिकवलेल्या या बाकावर बसणारे मूल वर्षाच्या शेवटच्या आनंदाला मात्र घरी राहते.

माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाची आई ज्या सोसायटीत स्वयंपाकाला जाते, तिथेच यंदा पार्टी ठरली. त्या सोसायटीत कामवाल्या बायकांची लिफ्ट वेगळी आहे आणि निघताना गेटवर त्यांची पिशवी तपासली जाते. तिने मुलाला पाठवले नाही. ‘त्याला बरं नव्हतं,’ एवढेच ती म्हणाली. आपला मुलगा कोणत्या लिफ्टने वर जाईल, हा प्रश्न तिला पडला असणार. जागा ठरवणाऱ्यांपैकी कोणाला तो पडला नाही.

‘ज्यांना जमत नसेल त्यांनी फक्त सांगावं, आम्ही भरू,’ असे ग्रुपवर लिहिले जाते आणि ते मनापासूनच लिहिलेले असते. पण ‘आम्हाला परवडत नाही’ असे सगळ्यांसमोर टाइप करायला कोणती आई धजेल?

दुसरे उत्तर ठरलेले असते : घर आमचे, पैसा आमचा, बोलावणे आमच्या मर्जीचे. वाढदिवसाला चार जिवलग मित्र घरी बोलावले तर ते खरोखर तुमच्या मर्जीचे आहे, फक्त आमंत्रणे वर्गात वाटू नका. पण भिंतीवर ‘पाचवी ब’चा फलक लागतो, वर्गशिक्षिका केक कापायला येतात, फोटो वर्गाच्या ग्रुपवर पडतात, तेव्हा तो कार्यक्रम एका घराचा राहत नाही. शुल्क नियमनाच्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवरचे पालकसुद्धा इच्छुकांतून सोडत काढून नेमायला सांगितले आहे. वर्गाच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या चार-पाच जणांना मात्र कोणीच नेमलेले नसते.

तीच गोष्ट संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. बोलावणे शाळेच्या नावाने जाते, पण विधवा आईने, मुसलमान आईने तिथे यायचे की नाही, हे कोणी सांगत नाही. तिळगूळ आणि वाण सगळ्यांना द्या.

खर्चिक पार्टीशिवाय मुलांचे काही अडत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर शाळेच्याच सभागृहात जमावे, म्हणजे जाण्यायेण्याच्या रिक्षाचे भाडे वाचते. व्हीलचेअरवरचे मूल असेल तर कार्यक्रम तळमजल्यावर घ्यावा. इडली-चटणी आणि बिनअंड्याचा केक बहुतेक घरांना चालतो. ज्याला जे द्यायचे ते बंद पाकिटात वर्गशिक्षिकेकडे द्यावे आणि जमेल तेवढ्यातच कार्यक्रम बसवावा.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की जूनच्या पहिल्या पालकसभेतच हे लेखी सांगावे : वर्गाचे नाव, वर्गाचा ग्रुप आणि वर्गशिक्षकांची हजेरी ज्या कार्यक्रमाला हवी, त्याला वर्गातल्या प्रत्येक मुलाला बोलावणे असलेच पाहिजे, आणि पैसे कोणी दिले याची यादी कुठेही लावली जाणार नाही.

— एक पालक, पुणे