किल्ला पाहिला, अभयारण्य राहिलं

थंडी पडली की हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर सहलीचा कागद लागतो आणि त्यात मालवण हमखास असतं. रात्री फलटणहून बस सुटते, सातारा-कोल्हापूर करत घाट उतरते आणि सकाळी समुद्र दिसला की सगळी बस एकदम ओरडते. मग जेटीवरून होडी, सिंधुदुर्ग किल्ला, स्नॉर्केलिंग, संध्याकाळी तारकर्ली. मेसच्या डाळीला कंटाळलेल्या जिभेला सुरमईची थाळी मिळते ती वेगळीच! सहलीच्या कागदावर ओळखपत्र, टॉवेल, उलटीची गोळी सगळं लिहिलेलं असतं. आपण एका अभयारण्यात चाललो आहोत, एवढंच नसतं.

होय, अभयारण्य. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या उसाच्या हिशोबात सात हजार एकरांच्या वर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते आणि शेजारचं पद्मगडाचं बेट याच पाण्यात येतं. आमच्या मजल्यावर मालवण करून आलेल्यांना मी विचारत फिरलो. किल्ल्याला १६६४ मध्ये सुरुवात झाली, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे पोरांना पाठ. (पाठ असणारच. सईबाई फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या, म्हणजे महाराज आपल्या गावचे जावई!) २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला तेही माहीत. अभयारण्याचं नाव मात्र एकानेही काढलं नाही.

याचं कारण मला असं वाटतं की जंगल दिसतं आणि समुद्राचा तळ दिसत नाही. आपल्याच जिल्ह्यात मायणीच्या तलावावर पक्षी बघायला गेलं की कुणी न सांगता आवाज खाली येतो. मालवणात तोच ग्रुप पाण्यात धिंगाणा घालतो, कारण खाली दगडच आहेत अशी समजूत. त्यातले काही दगड जिवंत असतात. प्रवाळ हा प्राणी आहे. बोटाच्या पेराहूनही लहान असे असंख्य जीव एकत्र राहून स्वतःभोवती चुन्याचा सांगाडा बांधतात. त्यांच्या पेशीत सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. कायद्यात त्याचं नाव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. आणि आपण त्याच्यावर उभे राहून फोटो काढतो.

पाय टेकण्याचं कारणही साधं आहे. आपल्याकडची बरीच पोरं कालव्यात पोहायला शिकलेली. दमलं की पाय टेकायचे, ही सवय अंगात मुरलेली. ओहोटीला पाणी उथळ असलं की ती सवय नेमकी प्रवाळावर उतरते. बरं, नुसतं तुटण्यावर भागत नाही. पायाने ढवळलेला गाळ प्रवाळावर बसतो, प्रकाश अडतो आणि आतल्या शैवालाची उपासमार होते. माशांचा घोळका फोटोत यावा म्हणून ब्रेड टाकण्याची हौस असते, तीही टाळलेली बरी. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे ब्रेडमागे धावायला लागले तर ते काम कोण करणार?

आता माझा खरा मुद्दा, आणि तो काहींना पटणार नाही. सर्वांत जास्त नुकसान आपल्या घासाघिशीने होतं. चाळीस जण आहोत, भाव कमी करा, अजून कमी करा, असं करत आपण होडीवाल्याला इतकं खाली आणतो की त्याला दिवसभरात जास्त फेऱ्या मारल्याशिवाय परवडू नये. घाईत नांगर पडेल तिथे पडतो. लोखंडी नांगर प्रवाळावर घासत गेला तर काय उरेल, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. यावर तोडगा आपल्याच अभ्यासक्रमातला आहे. तळाशी कायमचा काँक्रीटचा ठोकळा किंवा स्क्रू, वर तरंगता बोया, होडी त्याला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. सिव्हिलच्या कुणीतरी फायनल इयरला हा प्रोजेक्ट घ्यावा. दरवर्षी तेच ते टाकीचं डिझाईन किती दिवस करायचं?

दुसरी बाजूही आहे. मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला पूर्वीपासून विरोध केला आहे. जाळ्यावर बंधनं येतील ही त्यांची भीती. ज्याचं पोट या पाण्यावर आहे त्याला नियम सांगायचे आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्याने प्रवाळ तुडवायचं, हा न्याय मला तरी समजत नाही. पाणी तापलं की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा चौथ्या मोठ्या घटनेची नोंद जाहीर केली. ते तापमान फलटणमध्ये बसून आपण खाली आणू शकत नाही. पाय वर घेऊ शकतो.

काही सर म्हणतात, मग मालवण बंदच करा, हुर्डा पार्टीला जा. मला हे मान्य नाही. थायलंडमधली माया बे २०१८ मध्ये पर्यटकांना बंद झाली, कारण प्रवाळाची वाट लागली होती. २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली, पण होड्यांनी खाडीत शिरायचं नाही, बेटाच्या मागच्या बाजूला थांबायचं आणि माणसं मोजून सोडायची, या अटींवर. न पाहिलेल्या गोष्टीसाठी कोण भांडणार? जायला हवंच.

म्हणून यंदाच्या सहल समितीला माझं म्हणणं असं, की कोल्हापूर सोडलं की बसमधली गाणी दहा मिनिटं बंद करून हे सगळं सांगावं. पाण्यात एका वेळी आठ-दहा जणच उतरावेत, पोहता येत असलं तरी लाईफ जॅकेट घालूनच, म्हणजे पाय आपोआप वर राहतात. शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत येऊ नयेत. होडीवाल्याशी बोलताना पहिला प्रश्न नांगर कुठे टाकणार हा असावा. तो फोन करायला मी तयार आहे. भाव ठरवायला मात्र मला पाठवू नका, तो सांगेल तेवढे देऊन येईन.