‘सेटलमेंट’ म्हणजे नुसती ‘वसाहत’ नव्हे

१/ आजचा धागा एका शब्दाविरुद्ध आहे. शब्द रोजच्या वापरातला : सेटलमेंट. ‘पोरगा सेटल झाला’, ‘मॅटर सेटल करून टाक’, ‘कोर्टाबाहेर सेटलमेंट झाली’, असे आपण सहज बोलतो. इतिहासाच्या पुस्तकात मात्र हा शब्द आला की आपण डोळे मिटून ‘वसाहत’ असे भाषांतर करतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. या सवयीमुळे आपल्या इतिहासवाचनाचे बरेच नुकसान झाले आहे. ते कसे, हे दाखवण्यासाठी हा प्रपंच.

२/ आधी शब्दाची घडण पाहू. जुन्या इंग्रजीत ‘सेट्ल’ म्हणजे आसन, बसण्याची जागा. गाळ तळाशी बसतो, पक्षी फांदीवर बसतो, नव्या इमारतीचा पाया थोडा खाली बसतो. या सर्वांसाठी इंग्रजीत हेच क्रियापद चालते. आपले ‘बसणे’ याच्या अगदी जवळचे आहे. घडी बसते, जम बसतो, बस्तान बसते. पण मराठीत फटकाही बसतो, भुर्दंडही बसतो आणि वचकही बसतो.

३/ माझा आक्षेप येथेच आहे. ज्याचे बस्तान बसले, त्याने हा शब्द कागदावर लिहिला. ज्याला फटका बसला, तो त्या शब्दात कुठेच दिसत नाही. ‘सेटलमेंट झाली’ या वाक्यात वाद मिटल्याची ग्वाही असते. पण तो कोणी मिटवला आणि कोणाच्या जमिनीवर, हे वाक्य सांगत नाही. आपण ‘वसाहत’ लिहितो, तेव्हा हे मौन जसेच्या तसे मराठीत उतरते.

४/ पहिले उदाहरण आयर्लंडचे. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर १६५२ मध्ये इंग्लंडच्या संसदेने ‘आयर्लंडच्या सेटलमेंटचा’ कायदा केला. कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी जप्त करायच्या, त्या सैनिकांच्या थकीत पगारापोटी आणि युद्धासाठी कर्ज देणाऱ्यांच्या देण्यापोटी वाटायच्या, आणि मूळ मालकांना शॅनन नदीपलीकडे, पश्चिमेच्या कॉनाक्ट प्रांतात धाडायचे, अशी ही योजना होती. १६४१ मध्ये आयर्लंडची अर्ध्याहून अधिक जमीन कॅथलिकांकडे होती. दोन-तीन दशकांत तो वाटा पंचमांशाच्या आसपास आला.

५/ म्हणजे येथे ‘सेटल’ काय झाले? लंडनची देणी चुकती झाली, आणि ती दुसऱ्याच्या जमिनीने. याला ‘आयर्लंडमधील वसाहतीचा कायदा’ म्हणणे ही अर्धी माहिती झाली. ‘जमीनजप्ती व वाटपाचा कायदा’ म्हटले, तर विद्यार्थ्याला एका ओळीत सारे कळेल.

६/ पुढे १६६२ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याच्या काळात याच नावाचा आणखी एक कायदा आयर्लंडमध्ये झाला. गंमत अशी की त्याच वर्षी खुद्द इंग्लंडमध्ये गरिबांसाठी जो कायदा झाला, तोही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. तेथे या शब्दाचा अर्थ होता : तू कोणत्या पॅरिशचा, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतला रहिवासी आणि तुला पोसण्याचा भार कोणावर?

७/ वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात नव्याने राहायला आलेला माणूस पुढे गावावर बोजा होईल अशी शंका आली, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशकडे परत धाडता येई. लग्न झालेल्या बाईचे ‘सेटलमेंट’ नवऱ्याच्या पॅरिशात धरले जाई. श्रीमंताला हा शब्द जमीन देत होता आणि गरिबाला गावाबाहेर काढत होता.

८/ मग १७०१ चा प्रसिद्ध ‘ॲक्ट ऑफ सेटलमेंट’. येथे प्रश्न गादीचा होता. कॅथलिक वारसांना बाजूला सारून हॅनोवरची सोफिया आणि तिचे प्रोटेस्टंट वंशज यांच्याकडे इंग्लंडचा मुकुट जावा, असे संसदेने ठरवले. त्यानुसार १७१४ मध्ये पहिला जॉर्ज राजा झाला. हा वारसा ठरवणारा कायदा. याचे भाषांतर ‘वसाहत कायदा’ असे केले, तर ती चूक हास्यास्पद ठरते. ही चूक आपल्याला लगेच दिसते. बाकीच्या दिसत नाहीत.

९/ आता समुद्रापलीकडे जाऊ. १६२० मध्ये इंग्रज यात्रेकरूंनी प्लिमथ येथे ‘सेटलमेंट’ उभारले, हे सर्वांनी वाचलेले असते. ती जागा म्हणजे वाम्पानोआग लोकांचे पटक्सेट हे गाव होते. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगाच्या साथीने १६१६ ते १६१९ या काळात ते ओसाड केले होते. नव्या लोकांना तयार, साफ केलेली शेते मिळाली. वस्ती आधीच होती. तिच्यातली माणसे तेवढी उरली नव्हती.

१०/ ऑस्ट्रेलियात या शब्दाने कायद्याचे काम केले. इंग्रजी कायद्यात परमुलूख मिळवण्याचे तीन मार्ग मानत : जिंकून घेणे, तहाने मिळणे आणि ‘सेटल’ करणे. पहिल्या दोहोंत तेथले जुने कायदे, इंग्रज ते बदलेपर्यंत, चालू राहत. तिसऱ्यात मुलूख रिकामा समजला जाई आणि इंग्रजी कायदा वस्ती करणाऱ्यांबरोबरच तेथे उतरे.

११/ १७८८ मध्ये सिडनीला जहाजे लागली, तेव्हा तो मुलूख माणसांनी भरलेला होता. तरीही न्यू साउथ वेल्स ‘सेटल’ केलेली वसाहत ठरली आणि १८८९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तेच मानले. या वर्गवारीमुळे मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क दोन शतके न्यायालयात उभाच राहू शकला नाही. अखेर १९९२ मध्ये एडी माबो यांच्या खटल्यात तेथल्या उच्च न्यायालयाने तो मान्य केला. निकाल लागला, तेव्हा माबो हयात नव्हते.

१२/ भारतात हा शब्द आला तो शेतसाऱ्याच्या वहीतून. १७९३ चे कॉर्नवॉलिसचे ‘पर्मनंट सेटलमेंट’ आपण ‘कायमधारा’ म्हणून शिकतो. हे भाषांतर उत्तम आहे, कारण त्यात नेमके काय कायम झाले ते सांगितले आहे : धारा. बंगालमध्ये जमीनदार हा जमिनीचा मालक ठरला आणि त्याने सरकारला द्यायची रक्कम कायमची बांधली गेली. कसणाऱ्या रयतेने जमीनदाराला किती द्यायचे, हे मात्र कायम झाले नाही. त्या वाढीला मोकळे रान होते.

१३/ जमीनदारही सुटला नाही. ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी रक्कम भरली नाही, तर जमीनदारी लिलावात निघे. या ‘सूर्यास्ताच्या कायद्या’ने अनेक जुनी घराणी पहिल्या काही दशकांतच बुडाली. नावात ‘कायम’ असलेल्या व्यवस्थेत कायम राहिली ती सरकारची आवक.

१४/ उत्तर भारतात आणि बंगालमध्ये या ‘सेटलमेंट’ला शब्द मिळाला ‘बंदोबस्त’. मूळ फारसी अर्थ बांधणे, आवळणे. मराठीत हाच शब्द पोलिसांकडे गेला. आणि ‘त्याचा बंदोबस्त करा’ म्हटले की काय होणार, हे सांगावे लागत नाही. रयतेच्या बाजूने पाहिले, तर हे भाषांतर मूळ इंग्रजीहून प्रामाणिक आहे.

१५/ आता आपला दख्खन. येथे शब्द रूढ झाला ‘जमाबंदी’. पुण्यातल्या ‘सेटलमेंट कमिशनर’ना आजही ‘जमाबंदी आयुक्त’ म्हणतात. पेशवाई संपल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. हिशेब कागदावर चोख, पण मुळात उत्पन्नाचे आकडेच बिनभरवशाचे. सारा थकला, शेते पडीक पडली, लोक गावे सोडून गेले. ‘सेटल’ करायला घेतलेला मुलूख अक्षरशः उठून गेला.

१६/ प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो. १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नवी पद्धत आणली : शेताचा नंबर, जमिनीची प्रत, त्यावरून आकार आणि तीस वर्षे दर स्थिर. दर पूर्वीपेक्षा हलके होते; पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. सातबाऱ्यावरचा ‘आकार’ आणि आकारबंद ही कागदपत्रे याच परंपरेतली. प्रत्येक सेटलमेंट म्हणजे लूटच, असे मी म्हणत नाही.

१७/ पण तीस वर्षे संपली, तेव्हा काय झाले? अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव कडाडले होते. त्या तेजीत फेरआकारणी होऊन सारा वाढला. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा तसाच राहिला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि पुणे व नगर जिल्ह्यांत कर्जरोख्यांच्या होळ्या पेटल्या. १८७९ च्या कायद्याने सावकाराला वेसण घातली. साऱ्याच्या वाढीवर तेव्हाच बोट ठेवले गेले होते. तरी पाठ्यपुस्तकी आठवणीत खलनायक उरला तो एकटा सावकार.

१८/ या शब्दाचा सर्वांत निष्ठुर अर्थ महाराष्ट्रातल्या एका शहरात आजही पत्त्यावर लिहिला जातो. सोलापुरात एक भाग ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखला जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. जमातींना ‘सेटलमेंट’मध्ये ठेवण्याचा आणि मुलांना आईवडिलांपासून वेगळे करण्याचा अधिकार सरकारला होता.

१९/ तारेचे कुंपण, हजेरी, बाहेर जायला परवाना. आणि सोलापुरात शेजारी गिरण्या, ज्यांना मजूर हवेच होते. याला ‘वसाहत’ म्हणायचे? ‘गुलमोहर वसाहत’, ‘शिक्षक वसाहत’ यांच्या पंक्तीत हे बसवायचे? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. जे विमुक्त झाले, ते आधी बंदिवान होते, हे ‘वसाहत’ या शब्दातून कोणाला कळेल?

२०/ आणखी एक अर्थ नोंदवायलाच हवा. १८८४ मध्ये लंडनच्या गरीब ईस्ट एंड भागात टॉयन्बी हॉल सुरू झाले. १८८९ मध्ये शिकागोत जेन ॲडम्स यांचे हल हाउस. सुशिक्षितांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन राहायचे, या चळवळीचे नावही ‘सेटलमेंट’. मुंबईतले नागपाडा नेबरहुड हाउस हे त्याच कुळातले आणि १९३६ ची टाटा समाजकार्य संस्था त्याच प्रयत्नातून उभी राहिली. येथे शब्द स्वच्छ आहे, कारण जाणारा माणूस कोणालाही न उठवता बसला.

२१/ आता नेहमीचा आक्षेप : ‘त्या काळचा शब्द आजच्या चष्म्यातून का बघता?’ मी चष्मा बदलतच नाही. आयरिश जमीनदाराला १६५२ मध्येच ठाऊक होते की आपली जमीन गेली. सुप्याच्या शेतकऱ्याने रोखा जाळला, तो १८७५ मध्ये. त्या काळातही या शब्दाविषयी एकमत नव्हते. आपण त्यातली एकच बाजू ‘काळाची भाषा’ मानतो, कारण दप्तरे तिची आहेत.

२२/ दुसरा आक्षेप : ‘संदर्भाने अर्थ कळतोच की.’ ज्याला संदर्भ आधीच माहीत आहे त्याला कळतो. नववीतल्या विद्यार्थ्याला आणि भाषांतर करणाऱ्या यंत्राला कळत नाही. आणि आज आपली अर्धी माहिती या दोघांच्या हातून फिरते.

२३/ म्हणून एक विनंती. जेम्सटाऊन, प्लिमथ येथे ‘वसाहत’ लिहा, पण आधी तेथे कोण होते, तेही लिहा. १६५२ ला ‘जमीनजप्ती’, १६६२ च्या इंग्लंडला ‘रहिवासाचा हक्क’, १७०१ ला ‘वारसा’, १७९३ ला ‘कायमधारा’, इंदापूरला ‘जमाबंदी’, न्यायालयात ‘तडजोड’, हडप्पासंस्कृतीच्या उत्खननात ‘वस्ती’. आणि सोलापूरच्या कुंपणाआडच्या जागेला ‘बंदिस्त छावणी’.

२४/ मराठीत शब्दांची वानवा नाही, हे या यादीवरूनच दिसेल. आळस आपला आहे. तुमच्या वाचनात ‘सेटलमेंट’चा याहून वेगळा अर्थ आला असेल, तर खाली लिहा, कागदाचे वर्ष लिहा, आणि त्या कागदावर कोणाची सही होती व कोणाचा अंगठा, हेही लिहा.

धागा समाप्त.