आळशी म्हणण्याआधी

आपल्याकडे बाईच्या थकव्याला निदान लागत नाही, विशेषण पुरतं. आमच्या शाखेत एक कॅशियरबाई होत्या, नोटा मोजण्यात तरबेज. वर्षभरात हात मंदावला, आवाज घोगरा झाला, वैशाखातही अंगात स्वेटर. बँकेने मेमो दिला, सासूबाईंनी ‘आळशी’ ठरवून टाकलं. दोष गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा होता.

ही ग्रंथी मंदावली की मेंदूखालची पिट्यूटरी तिला जोरजोराने हाका मारते. रक्तात वाढलेलं टीएसएच म्हणजे त्याच हाका. उपचार म्हणजे सकाळी अनशापोटी थायरॉक्सिनची इवलीशी गोळी. (चहा अर्ध्या-एक तासाने. आपल्या घरांत हेच पथ्य सर्वांत जड!) ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. बाई पुन्हा भराभर नोटा मोजू लागल्या.

तान्ह्या बाळाला मात्र असा अवधी नसतो. जन्मतःच ग्रंथी मंद असलेलं मूल फार झोपतं, कमी रडतं. आपण कौतुकाने म्हणतो, ‘किती शांत आहे हो!’ पुन्हा विशेषणच. पहिल्या २ आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ठीक. फार उशीर झाला तर खुंटलेली बुद्धी भरून येत नाही. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेतले की हे कळतं. बारशाच्या जेवणावळी उठवणाऱ्या आपल्या समाजात ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात सक्तीचीच हवी, आणि सरकारी इस्पितळात फुकट.