बाहेरून आलेले गुरुजी

ज्यू संपर्ककेंद्राचं नाव निघालं की मुंबईकराला कुलाब्याचं नरिमन हाउस आठवतं, आणि पाठोपाठ नोव्हेंबर २००८ चा दहशतवादी हल्ला. पण कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंना, म्हणजे बेने इस्राएलींना, धर्म शिकवायला बाहेरची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून येत आली आहेत. त्यातलं काय टिकलं? मला वाटतं, समाजानं मराठीत आणून आपलंसं केलं तेवढंच.

शनिवारी तेलघाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांकडे सुंता होती, शेमाची प्रार्थना होती, रब्बी म्हणजे धर्मगुरू मात्र नव्हता. कोचीनच्या ज्यूंनी त्यांना पूजाविधी शिकवले. १७९६ मध्ये कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढचा टप्पा मात्र गमतीचा आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. हेतू उघडच होता. पण मिशनच्या शाळांत शिकून ख्रिस्ती झालेले बेने इस्राएली अगदीच थोडे. बाकीच्यांनी ती विद्या स्वतःच्या धर्माच्या कामी लावली. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर शाळेची मुख्याध्यापकी सांभाळून प्रार्थनापुस्तकं मराठीत आणत राहिले. आणि १८८० नंतर तर कीर्तनं! बायबलमधल्या पूर्वजांची आख्यानं, थाट अस्सल हरिदासी. हे बाहेरून आलेल्या कुठल्याही गुरुजींना सुचणं शक्य नव्हतं.

नरिमन हाउसचं केंद्र चालवणाऱ्या छाबड या ज्यू धार्मिक चळवळीची रीत निराळी. १९५१ मध्ये ब्रुकलिनमध्ये धुरा हाती घेतलेल्या मेनाखेम मेंडेल श्नीअरसन यांनी तरुण जोडपी जगभर धाडली, तीही व्याख्यानं देऊन परतण्यासाठी नव्हे, तर तिथेच संसार थाटण्यासाठी. परधर्मीयांना ओढायचं नाही. ज्यूलाच त्याच्या आचाराकडे वळवायचं, शुक्रवारी रात्री घरच्या पंगतीला बसवून. गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग २००३ मध्ये याच रीतीनं मुंबईत आले. परमुलखात कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसारचं, जेवण शोधणाऱ्या इस्रायली प्रवाशांना त्यांचं दार मोठा आधार होतं. २००८ च्या हल्ल्यात दोघंही मारले गेले; २०१४ मध्ये केंद्र पुन्हा उघडलं. ही चिकाटी मान्य करायलाच हवी.

तरी बाहेरून येणाऱ्या गुरुजींबद्दल स्थानिक समाजाच्या मनातली अढी समजून घेण्याजोगी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या रब्बींनी लग्नाआधी बेने इस्राएलींच्या वंशावळी तपासायचं ठरवलं. लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ मध्ये सरकारला ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. शिकवायला येणारा परीक्षकही असू शकतो, हा धडा इतक्यात विसरला जात नाही.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. रायगडातल्या सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं अवघड झालं आहे. प्रेषित एलियाहूच्या, म्हणजे एलियाहू हन्नबीच्या, नावानं मलिद्याचं ताट मात्र अजून मांडलं जातं, अलिबागेत आणि इस्रायलमधल्या दिमोनातही. मुंबईतल्या केंद्रानं आलेल्या पाहुण्यांची सोय जरूर करावी; पण अलिबाग-रेवदंड्याच्या हझानांकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांकडे, जाऊन त्यांच्या चालीही शिकून घ्याव्यात.