बेसिनखालचं कपाट आणि वजूची जागा

सांगोल्यासारख्या गावातही आता नव्या बाथरूममध्ये बेसिनखाली कपाट हवंच असतं. दुकानात त्याला ‘व्हॅनिटी’ म्हणतात. साबण, मिस्वाक, तेलाच्या बाटल्या एका जागी राहतात, म्हणून सोय चांगलीच. पण आमचं सांगणं असं, की दुकानात जाण्याआधी घरात टेप लावा आणि टेप लावण्याआधी घरातल्या माणसांचा विचार करा.

बेसिनची कड साधारण ३२ ते ३४ इंचांवर बसवतात. उभ्यानं तोंड धुणाऱ्याला ते ठीक. पण दादीअम्मा वजूला आल्या, तर पाय कुठे धुणार? ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय बेसिनमध्ये टाकणं म्हणजे हाड मोडून घेण्याचंच काम. भिंतीवरचं बेसिनही त्या भारासाठी नसतं. म्हणून कपाटानं सगळी भिंत अडवू नका. शेजारी खालचा नळ, पक्कं स्टूल आणि धरायला एक दांडी, एवढी जागा राखाच. नळाची उंची ठरवताना त्यांनाच स्टुलावर बसवा, हात पुढे करायला सांगा आणि तिथे भिंतीवर खूण करा.

आता कपाटाचं माप. ते टाइल्स बसल्यावरच घ्या. भिंती क्वचितच सरळ असतात. रुंदी तळाशी, मध्ये आणि वर मोजून सर्वांत कमी आकडा धरा. कपाटाच्या आकाराचा कागद फरशीवर पसरून दार पूर्ण उघडून पाहा. समोर उभं राहायला दोन फूट तरी मोकळे हवेत. सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड आणि अँगल कॉक जमिनीपासून किती उंच आहेत, तेही लिहून ठेवा. नाहीतर वरचा ड्रॉवर पाइपाला अडतो.

आपल्याकडे बादलीनं आंघोळ, पाणी उडणारच. पार्टिकल बोर्ड फुगतो. पीव्हीसी बोर्ड घ्या किंवा ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा प्लाय. कपाट भिंतीला टांगलेलं असलं तर खालून फरशी पुसता येते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या काउंटरवर उठून दिसतात. संगमरवरही टाळा, कारण डाग काढायला लिंबू किंवा व्हिनेगर लावलं की तो खराब होतो.

शेवटी पाण्याची गोष्ट. आपला तालुका दुष्काळाचा. पैगंबर साहेब (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आलं आहे. नळाखाली बादली ठेवून एकदा वजू करून पाहा. किती जमा होतं ते कळेल. प्लंबर घरात आहे तोवरच वजूच्या नळाचं पाणी वेगळ्या पाइपानं अंगणात काढून घ्या. त्यात साबण नसतो; दारातलं डाळिंब त्यावर जगेल, इन्शाअल्लाह.