झाडपाल्याचेच तर औषध!

“झाडपाल्याचेच तर औषध, त्याने काय बिघडणार?” हे ऐकले की आमचे पित्त खवळते. १९९०च्या सुमारास ब्रसेल्समध्ये सडपातळ होऊ पाहणाऱ्या बायकांच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी नामसाधर्म्याने दुसरीच, विषारी मुळी पडली. शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडे बिघडली.

अपत्यासाठी ‘दांग-ग्वे’ची मुळी उकळणारीने हे ध्यानात ठेवावे. चिनी परंपरेशी आमचे वैर नाही. पण वॉरफरिनबरोबर हीच मुळी घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. मग डॉक्टरांपासून चोरी कशाला? दिवस राहिल्यावर ती बंद करायची, हे कोण सांगणार?

आणि काढा एकट्या सुनेनेच का प्यावा? दोष पुष्कळदा चिरंजीवांतही असतो! आधी दोघांची तपासणी. मग, डॉक्टरांना विचारूनच, काढा.